टाइम चार्टरमधला मालाचा दावा: भरपाई कोणाच्या माथी, हे कसं ठरवायचं

बंदरात जहाज लागलंय, होल्डमधून, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यातून, तांदळाची पोती वर येताहेत. वरचे थर कोरडे ठणठणीत. मधेच एक थर ओला निघतो, पोत्यांना बुरशीचा वास येतो. माल घेणाऱ्याचा सर्व्हेअर फोटो काढायला लागतो आणि संध्याकाळच्या आत एजंटच्या हातात दाव्याची नोटीस पडते. जहाजमालक म्हणतो, माल तुम्ही चढवलात, रचलातही तुम्हीच. जहाज भाड्याने घेणारा, म्हणजे चार्टरर, म्हणतो, जहाज तुमचं, झाकणं तुमची, खलाशी तुमचे. दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत असतात, म्हणून तर भांडण लांबतं.

अशा फायली हाताळताना एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. टाइम चार्टरमध्ये 'चूक कोणाची' हा प्रश्न बहुतेक वेळा आधी विचारायचाच नसतो. आधी विचारायचं, नुकसान नेमकं कशामुळे झालं, आणि ते कारण करारातल्या कोणत्या खणात बसतं. खण सापडला की टक्केवारी बहुधा तिथे छापलेलीच असते. खरी मेहनत आहे ती खण सिद्ध करणारे कागद आणि नमुने वेळेवर गोळा करण्याची. खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने आहे. सगळं विवेचन इंग्लिश कायद्याला धरून आहे, कारण जगभरातल्या बऱ्याच चार्टरपार्ट्यांमध्ये, म्हणजे जहाज भाड्याच्या करारांमध्ये, तोच कायदा आणि लंडनची लवाद व्यवस्था लिहिलेली असते.

पायरी १: दोन भांडणं वेगळी करा

टाइम चार्टर म्हणजे जहाज खलाशांसकट, ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेणं. ताबा मालकाचा, कॅप्टन मालकाचा. चार्टरर हायर, म्हणजे जहाजाचं भाडं, आगाऊ भरतो, इंधन भरतो आणि कुठला माल कुठून कुठे न्यायचा ते सांगतो. हे सगळं चार्टरपार्टीत असतं. पण माल घेणाऱ्याने ती चार्टरपार्टी आयुष्यात कधी पाहिलेली नसते. त्याच्या हातात असतं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बीएल: माल जहाजावर घेतल्याची पावती आणि तो सोडवून घेण्याचा कागद.

म्हणजे भांडणं दोन. पहिलं बीएलधारक आणि कॅरिअर (बीएलप्रमाणे माल नेण्याची जबाबदारी घेणारा) यांच्यात, त्याला लागू होतात १९२४ चे हेग नियम किंवा त्यांची १९६८ ची हेग-व्हिस्बी आवृत्ती. दुसरं मालक आणि चार्टरर यांच्यात, ते चालतं चार्टरपार्टीवर. पहिल्यात पैसे कोणी मोजले यावरून दुसऱ्यात बोजा कोणावर पडेल हे ठरत नाही. नवखी माणसं इथेच घोटाळा करतात. हेग नियमांतला बचाव चार्टररपुढे नाचवतात आणि चार्टरपार्टीतलं कलम बीएलधारकाला ऐकवतात.

कॅरिअर कोण हे बघायला बीएलच्या दोन्ही बाजू मागवा. पुढच्या बाजूला 'कॅप्टनच्या वतीने' अशी सही असेल तर सहसा मालकच कॅरिअर ठरतो, मग ती सही चार्टररच्या एजंटने केलेली का असेना. पुढे चार्टररचं नाव कॅरिअर म्हणून ठळक असेल आणि मागच्या बारीक अक्षरांत 'कॅरिअर म्हणजे जहाजमालक' असं असेल, तर? 'स्टारसिन' जहाजाच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) २००३ मध्ये पुढच्या बाजूला कौल दिला. व्यापारी माणूस सही बघतो, मागचं चिटोऱ्याएवढ्या अक्षरांतलं कलम वाचत नाही, असा त्यामागचा सरळ विचार.

पायरी २: चार्टरपार्टीत नेमकं कुठे बोट ठेवायचं

सुक्या मालाच्या जहाजांसाठी बहुधा न्यूयॉर्क प्रोड्यूस फॉर्म पुढ्यात येतो, म्हणजे एनवायपीई. त्याच्या १९४६, १९९३ आणि २०१५ अशा आवृत्त्या बाजारात आहेत. १९४६ ची म्हातारी अजून हिंडतीफिरती आहे. छापील मजकूर वाचून थांबू नका. खोडलेले शब्द, समासात घातलेले शब्द आणि मागे जोडलेली रायडर कलमं हाच खरा करार असतो.

१९४६ च्या आवृत्तीत चार जागा बघा. सुरुवातीच्या मजकुरात जहाज सेवेत देताना भक्कम, पाणी आत न येणारं आणि कामाला सर्व प्रकारे लायक असल्याचं वचन आहे, आणि कलम १ मध्ये पूर्ण मुदतभर ते कार्यक्षम स्थितीत राखण्याचं. कलम ८ मध्ये माल चढवणं, रचणं, ट्रिम करणं (सुटा माल सपाट पसरणं) चार्टररने स्वखर्चाने, कॅप्टनच्या देखरेखीखाली करायचं आहे. कलम २४ मधून अमेरिकेचा १९३६ चा समुद्री मालवाहतूक कायदा करारात येतो, म्हणजे व्यवहारात हेग नियम. आणि चौथी जागा म्हणजे रायडरमध्ये 'इंटर-क्लब ॲग्रीमेंट' (मालाचे दावे मालक-चार्टररमध्ये टक्केवारीने वाटणारा, जहाजांच्या विमा क्लबांमधला करार) हे शब्द आहेत का, असल्यास कोणत्या सालचं.

कलम ८ मधल्या 'देखरेखीखाली' या शब्दावर १९४० मध्ये कॅनेडियन ट्रान्सपोर्ट विरुद्ध कोर्ट लाइन हा निकाल आला. कॅप्टनला देखरेखीचा हक्क आहे, म्हणून मालाच्या रचनेची जबाबदारी मालकावर सरकत नाही, ती चार्टररचीच. अपवाद दोन. कॅप्टनने प्रत्यक्ष हुकूम देऊन रचना बदलायला लावली आणि त्यातूनच नुकसान झालं, किंवा प्रश्न जहाजाच्या तोलाचा, म्हणजे जे कॅप्टनलाच कळायला हवं अशा गोष्टीचा होता.

यावर चार्टररांनी काढलेला तोडगा म्हणजे 'देखरेखीखाली' पुढे जोडलेले दोन शब्द: 'अँड रिस्पॉन्सिबिलिटी'. हे शब्द आले की हमालीतली, रचनेतली चूक प्रथमदर्शनी मालकाच्या माथी जाते. चार्टररने स्वतः ढवळाढवळ करून नुकसान घडवलं असेल तर मात्र नाही. पण लक्षात ठेवा, पूर्ण बोजा सरकतो तो इंटर-क्लब करार नसेल तेव्हा. तो असेल तर याच शब्दांनी बोजा अर्धाच सरकतो. हा फरक न कळल्यामुळे वाटाघाटीत तोंडावर पडलेले मी पाहिलेत, आणि त्यात अनुभवी ब्रोकरही होते.

बाल्टाइम फॉर्म असेल तर पारडं मालकाकडे चांगलंच झुकलेलं असतं. मालाच्या नुकसानीसाठी मालक जबाबदार फक्त तेव्हा, जेव्हा त्याने किंवा त्याच्या मॅनेजरने स्वतः दक्षता घेतली नाही. खलाशांची चूक त्याला चिकटत नाही. चार्टररसाठी बाल्टाइम कोऱ्या स्थितीत सही करणं म्हणजे हात बांधून आखाड्यात उतरणं.

पायरी ३: जहाज लायक होतं का, हे कसं तपासायचं

समुद्रयोग्यता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भोक पडलेलं जहाज येतं. कायद्याची कसोटी त्याहून रुंद आहे. १९०५ च्या मॅकफॅडन विरुद्ध ब्लू स्टार लाइन खटल्यापासून ती चालत आलीये: एखाद्या शहाण्या मालकाला हा दोष माहीत असता, तर तो दुरुस्त केल्याशिवाय त्याने जहाज समुद्रात सोडलं असतं का? नसतं, तर जहाज लायक नव्हतं. ती लायकी त्या प्रवासासाठी आणि त्या मालासाठी बघायची. कोळसा आरामात नेणारा होल्ड धान्यासाठी नालायक असू शकतो.

खलाशी हाही जहाजाचाच भाग. 'हाँगकाँग फर' १९५७ मध्ये बाल्टाइमवर २४ महिन्यांसाठी दिलं होतं. इंजिन जुनं, आणि ते सांभाळणारे इंजिनरूमचे लोक अपुरे आणि अकुशल; पहिल्या काही महिन्यांत जहाज चाललं कमी, बंद पडलं जास्त. जहाज लायक नव्हतं हे कोर्टाने मान्य केलं. पण १९६२ च्या अपील कोर्टाच्या निकालाने दुसरीही गोष्ट शिकवली: लायकीचं कलम मोडलं म्हणून चार्टररला लगेच करार फेकून देता येत नाही, भंगाचे परिणाम किती खोल गेले ते बघावं लागतं. 'युरेशियन ड्रीम' या मोटारी नेणाऱ्या जहाजाला १९९८ मध्ये शारजाहला आग लागली. जहाजाचा सांगाडा ठीक होता. कॅप्टन आणि खलाशांना त्या जहाजावरची आग कशी विझवायची हेच नीट माहीत नव्हतं. २००२ च्या निकालात तेवढ्यावर ते नालायक ठरलं. आणि 'सीएमए सीजीएम लिब्रा' २०११ मध्ये शियामेनहून निघताना रुतलं, तेव्हा दोष निघाला पॅसेज प्लॅनमध्ये, म्हणजे प्रवासाच्या मार्गाच्या आराखड्यात. आखलेल्या जहाजमार्गाबाहेरच्या छापील खोलीवर विसंबू नका, हा इशारा नकाशावर उतरवलेला नव्हता. २०२१ मध्ये ब्रिटिश सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सदोष प्लॅन घेऊन निघालेलं जहाजही लायक नाही. तेव्हा दावा आला की फक्त लोखंड तपासू नका. मॅन्युअल, ट्रेनिंगच्या नोंदी आणि नकाशेही मागा.

मग वचन किती कडक? नुसतं लायकीचं वचन वाचलं तर ते बिनशर्त आहे. हेग नियम करारात आले की ते खाली येऊन 'रास्त दक्षता' या पातळीवर बसतं, पण प्रत्येक प्रवासाच्या आधी आणि सुरुवातीला. मालकाला वाटतं, आपण नावाजलेल्या यार्डकडे काम दिलं, झाली दक्षता. 'मंकास्टर कॅसल'च्या मालकांनाही तसंच वाटलं होतं. यार्डच्या फिटरने स्टॉर्म व्हॉल्व्हच्या झाकणांचे नट नीट आवळले नाहीत, पाणी शिरलं आणि जिभेच्या मांसाचे डबे खराब झाले. १९६१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, ही जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. फिटर चुकला म्हणजे मालकच चुकला.

एक सीमारेषा मात्र सांभाळा. चुकीची रचना म्हणजे जहाजाची नालायकी नव्हे. १९२४ च्या एल्डर डेम्पस्टर खटल्यात पाम तेलाच्या पिंपांवर पाम बियांची पोती रचली, पिंपं दबून फुटली. मालवाल्याने जहाजच नालायक म्हटलं, कोर्टाने म्हटलं, जहाज ठीक, रचना वाईट. रचनेमुळे जहाजाचीच सुरक्षितता धोक्यात आली असती तर गोष्ट वेगळी. ही रेषा पुढे टक्केवारी ठरवताना फार कामाला येते.

पायरी ४: माल चढण्याआधी

ओल्या मालाच्या दाव्यांत मी पहिला कागद मागतो तो हॅच कव्हरच्या, म्हणजे होल्डच्या झाकणांच्या, तपासणीचा. पाण्याचा फवारा मारून तपासणं जुनं आणि ढोबळ. अल्ट्रासोनिक तपासणीत होल्डमध्ये ध्वनी सोडणारं यंत्र ठेवतात, झाकणं बंद करतात आणि बाहेरून सांध्यावरून डिटेक्टर फिरवतात. झाकण उघडं असताना जे रीडिंग येतं त्याच्या १० टक्क्यांहून जास्त रीडिंग सांध्यावर आलं, तर तिथे रबर नीट दाबलं जात नाहीये. यंत्र नसेल तर डोळे आहेतच. कोमिंगच्या (होल्डच्या तोंडाभोवतालच्या उभ्या कठड्याच्या) आतल्या बाजूला, क्रॉस-जॉइंटच्या (झाकणाच्या दोन फळ्यांमधल्या आडव्या सांध्याच्या) बरोबर खाली, तांबूस गंजाचे उभे ओघळ दिसले तर समजा, हे झाकण आजच नाही, गेले काही प्रवास गळतंय. त्या ओघळाचा एक फोटो दहा पानी रिपोर्टपेक्षा जास्त बोलतो.

होल्ड खाऱ्या पाण्याने धुऊन वर गोडं पाणी मारलंय का, बिल्जच्या विहिरी (होल्डच्या तळाशी पाणी जमणारे खड्डे) कोरड्या आहेत का, तिथला व्हॉल्व्ह पाणी उलटं येऊ देत नाही ना, हे लॉगमध्ये वेळेसह लिहून घ्या. मालकाच्या बाजूने असाल तर हा लॉग म्हणजे तुमची दक्षता. चार्टररच्या बाजूने असाल तर स्वतःचा सर्व्हेअर पाठवा आणि होल्ड पास झाल्याच्या सर्टिफिकेटवर झोपू नका. होल्ड स्वच्छ होता एवढंच ते सांगतं, झाकण गळत नव्हतं असं नाही.

पायरी ५: मेट्स रिसीटवरचा एक शेरा

'काही पोती फाटलेली, काहींवर ओल्याचे डाग.' चीफ ऑफिसरने मेट्स रिसीटवर, म्हणजे माल चढताना जहाजाने दिलेल्या पावतीवर, हे लिहिलं की तो शेरा बीएलवर उतरायला हवा. तो उतरला नाही तर बीएल स्वच्छ होतं, आणि तिऱ्हाईत बीएलधारकापुढे 'माल मुळातच असा होता' हे कॅरिअरला म्हणता येत नाही.

शिपरला, म्हणजे माल पाठवणाऱ्याला, बँकेत स्वच्छ बीएल हवं असतं, म्हणून तो चार्टररमार्फत हमीपत्र पुढे करतो: शेरा काढा, काही झालं तर आम्ही बघू. १९५७ च्या ब्राउन जेन्किन्सन खटल्यात संत्र्याच्या रसाची पिंपं गळकी होती, तरी हमीपत्र घेऊन स्वच्छ बीएल दिलं गेलं. पुढे हमीपत्रावर पैसे मागितले तर कोर्टाने दार लावून घेतलं. फसवणुकीसाठी दिलेलं वचन कोर्ट अमलात आणत नाही. त्यात पी अँड आय क्लबचं, म्हणजे जहाजवाल्यांच्या परस्पर-विमा संस्थेचं, विमासंरक्षणही धोक्यात येतं. कॅप्टनला माझा सल्ला एकच: शेरा मोघम नको, मोजका हवा. '४ नंबरच्या होल्डमधल्या पोत्यांपैकी १२० फाटकी' असं लिहिलं तर शिपर तेवढी बदलून देतो आणि सगळेच सुटतात.

पायरी ६: प्रवासात वही बोलते

उष्ण बंदरातून थंडीकडे जाताना होल्डच्या छताला आतून घाम येतो आणि थेंब मालावर पडतात. त्यासाठी वायुवीजन. नियम साधा: बाहेरच्या हवेचा दवबिंदू होल्डमधल्या हवेच्या दवबिंदूपेक्षा कमी असेल तरच हवा आत घ्या. आतला दवबिंदू मोजणं जमत नसेल तर माल चढवताना त्याचं तापमान घेऊन ठेवा. बाहेरची हवा त्याहून किमान ३ अंश सेल्सिअसने थंड असेल तेव्हा व्हेंट उघडा. कधी उघडलं, कधी बंद केलं, का बंद केलं, हे दर वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या दर पाळीला, लिहा. 'हवामान खराब, लाटा डेकवर, व्हेंट बंद' ही नोंदही बचावच आहे. पूर्ण प्रवासभर एकाच पेनाने, एकाच हाताने, एकसारख्या आकड्यांत भरलेली वही समोरचा वकील दोन मिनिटांत ओळखतो.

कॅरिअरवर पुराव्याचा भार किती जड आहे ते २०१८ च्या व्होलकॅफे खटल्यात दिसलं. कोलंबियातून जर्मनीकडे निघालेली कॉफी कंटेनरमध्ये घामाने भिजली. ब्रिटिश सुप्रीम कोर्टाने म्हटलं, माल चांगल्या स्थितीत घेतला आणि वाईट स्थितीत दिला, तर आपण योग्य काळजी घेतली हे कॅरिअरनेच दाखवायचं.

पायरी ७: ओलं पोतं हातात आलं की

सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली सर्व्हेअरच्या पिशवीत असतेच. ओल्या डागावर दोन थेंब टाकले आणि दुधासारखा पांढरा साका झाला, तर तिथे क्लोराइड आहे. बहुधा समुद्राचं पाणी. साका नाही झाला, तर पाऊस, घाम किंवा गोडं पाणी. एवढ्याशा थेंबावर दाव्याची दिशा बदलते. पण दुधाळ रंग दिसला म्हणून लगेच झाकणाला दोष देऊ नका. आधीच्या प्रवासात पोटॅश नेलं असेल, खाऱ्या पाण्याने धुतलेला होल्ड गोड्या पाण्याने खळबळला नसेल, किंवा माल बंदरकाठच्या उघड्या यार्डात पडून होता असेल, तरी क्लोराइड सापडतंच. म्हणून डाग कुठे आहे ते नकाशावर मांडा. क्रॉस-जॉइंटच्या सरळ रेषेत खाली ओल असेल तर झाकण. कडेने, फ्रेमच्या बरोबर समोर पट्टे असतील तर घाम, किंवा डनेज (मालाखाली-कडेला घालायच्या फळ्या, चटया) न घालता लोखंडाला टेकवून केलेली रचना. तळाला असेल तर बिल्ज.

नमुने दोन्ही बाजूंच्या समोर सील करा. क्लबला त्याच दिवशी कळवा. मालकाने चार्टररला आणि चार्टररने मालकाला संयुक्त पाहणीचं लेखी आमंत्रण द्या, समोरचा येवो न येवो. आणि खराब पोती चांगल्यांतून वेगळी काढायला लावा. न काढता सगळा लॉट विकून आलेला तोटा मागणाऱ्याला 'नुकसान कमी करण्याचा प्रयत्न काय केलात' हे विचारता येतं.

पायरी ८: खण शोधा, हिशोब मांडा

इंटर-क्लब करार पी अँड आय क्लबांनी १९७० मध्ये केला, पुढे १९८४, १९९६ आणि २०११ मध्ये सुधारला. एनवायपीई १९९३ आणि २०१५ मध्ये तो छापीलच आहे. १९४६ च्या फॉर्ममध्ये रायडरने येतो. १९९६ पासूनच्या मजकुरातलं कलम ८ म्हणजे चार खणांची पेटी.

पहिला खण: जहाजाची नालायकी, किंवा जहाज चालवण्यातली वा सांभाळण्यातली चूक. १०० टक्के मालक. इथे 'रास्त दक्षता' हे शब्द नाहीत, आणि हेग नियमांत बीएलधारकापुढे चालणारा नेव्हिगेशनच्या चुकीचा बचाव चार्टररपुढे चालत नाही. नालायकी मालाच्या हाताळणीमुळेच आली हे मालकाने सिद्ध केलं, तर दावा दुसऱ्या खणात जातो.

दुसरा: चढवणं, रचना, लॅशिंग (माल बांधणं), उतरवणं, साठवण, हाताळणी. १०० टक्के चार्टरर. 'अँड रिस्पॉन्सिबिलिटी' असेल तर निम्मं-निम्मं. हाताळणीतली चूक जहाजाच्या नालायकीमुळे झाली हे चार्टररने दाखवलं, तर १०० टक्के मालक.

तिसरा: तूट किंवा ठरलेल्या बंदरात न उतरता पुढे गेलेला माल. निम्मं-निम्मं, पण चोरी किंवा एकाच बाजूची कृती वा हयगय आहे याचा स्पष्ट, निर्विवाद पुरावा असेल तर पूर्ण त्या बाजूवर.

चौथा: उरलेलं सगळं, उशीरसुद्धा. निम्मं-निम्मं, त्याच अपवादासह. या खणातल्या 'कृती' शब्दावर 'यांगत्से शिंग हुआ'चा निकाल २०१७ मध्ये आला. सोयाबीन पेंड इराणला पोचली, पण चार्टररने पैशाच्या कारणाने जहाज चार महिन्यांहून जास्त बंदराबाहेर थांबवून ठेवलं, पेंड तापली. अपील कोर्टाने म्हटलं, कृतीला दोष असायलाच हवा असं नाही. थांबवण्याचा हुकूम ही कृतीच, १०० टक्के चार्टरर.

आता आपली तांदळाची पोती घेऊ. आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. दावा ३,६०,००० डॉलरला मिटला. त्यात झाकणातून आलेलं समुद्राचं पाणी १,५०,०००, हमालांच्या हुकने फाटलेली आणि डनेज न घालता रचल्यामुळे भिजलेली पोती ९०,०००, घामाने भिजलेली ६०,००० (वायुवीजनाची वही कोरी, म्हणजे मालकाची हयगय उघड), आणि तूट ६०,०००. 'अँड रिस्पॉन्सिबिलिटी' नसेल तर मालक १,५०,००० अधिक ६०,००० अधिक ३०,००० म्हणजे २,४०,००० भरतो, चार्टरर १,२०,०००. ते शब्द असतील तर हाताळणीचे ९०,००० अर्धे होतात. मालक २,८५,०००, चार्टरर ७५,०००. म्हणजे दोन शब्दांची किंमत या दाव्यात ४५,००० डॉलर. दावा लढवायला लागलेला सर्व्हेअर-वकिलांचा वाजवी खर्चही या हिशोबात येतो. पण मालक-चार्टररने एकमेकांविरुद्ध केलेला खर्च ज्याचा त्याने सोसायचा.

माल चढताना आलेल्या पावसाचं ओझं मी मुद्दाम या उदाहरणात घातलं नाही. तो चढवण्याच्या कामाचा भाग, की झाकण वेळेवर न ओढणाऱ्या खलाशाची हयगय, यावर दोन्ही बाजू जिद्दीने भांडतात. तिथे पाऊस कधी सुरू झाला, फोरमनने कधी ओरडून सांगितलं आणि झाकण कधी बंद झालं, या तीन वेळा ज्याच्या लॉगमध्ये असतील तो वरचढ.

करार लागू व्हायला काही अटीही आहेत. बीएल चार्टरपार्टीला धरून दिलेलं असावं, त्याच्या अटी हेग किंवा हेग-व्हिस्बीपेक्षा कॅरिअरला प्रतिकूल नसाव्यात, मालाच्या जबाबदारीची कलमं मुळातून बदललेली नसावीत, आणि दावा योग्य रीतीने मिटवून पैसे प्रत्यक्ष दिलेले असावेत.

पायरी ९: तारखा आणि तारण

भिंतीवर तीन मुदती लिहा. नुकसान वरून दिसत नसेल तर माल घेणाऱ्याने ३ दिवसांत नोटीस द्यायची. चुकली तर दावा मरत नाही, पण माल नीट मिळाला असं प्रथमदर्शनी धरलं जातं. बीएलवर दावा लावायची मुदत १ वर्ष. आणि मालक-चार्टररमधली इंटर-क्लबची मुदत: माल दिल्यापासून, किंवा द्यायला हवा होता त्या तारखेपासून, २४ महिन्यांत लेखी कळवणं; हॅम्बर्ग नियम (हेग नियमांऐवजी काही देशांत चालणारे मालवाहतुकीचे नियम) सक्तीने लागू असतील तर ३६ महिने. ही चुकली की दावा संपला.

कळवण्याला पैसे देऊन झालेले असण्याची गरज नाही. शक्य असेल तेवढा तपशील द्या: बीएल, दाव्याचं स्वरूप, रक्कम. साखळी असेल, म्हणजे मालक, त्याचा चार्टरर, त्याचा सब-चार्टरर, तर प्रत्येक कडीला वेगळं पत्र लागतं. एका फायलीत मधल्या कडीने वरून आलेलं पत्र खाली नुसतं फॉरवर्ड केलं, त्यात स्वतःच्या चार्टरपार्टीचा उल्लेखही केला नाही. ते पत्र सूचना आहे की नुसती माहिती, यावर लवादात दोन दिवस गेले.

बीएलधारकाला क्लबची हमी किंवा बँक गॅरंटी द्यावी लागली असेल, तर २०११ च्या सुधारणेने समोरच्याकडून तेवढंच तारण मागता येतं. अट एवढीच की लेखी सूचना मुदतीत गेलेली असावी, आणि समोरच्याने मागितलं तर तुम्हीही द्यायला तयार असावं. सब-चार्टररच्या मागे कंपनी म्हणून एक पाटीच असेल, तर हे पत्र दावा आल्या आठवड्यातच पाठवा.

पायरी १०: हायरला हात लावू नका

चार्टररचा हात सगळ्यात आधी शिवशिवतो तो इथे. 'तुमच्या झाकणामुळे माल भिजला, म्हणून पुढच्या हायरमधून कापून घेतो.' १९७८ च्या 'नानफ्री' खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी याची सीमा आखली: जहाज वापरायलाच मिळालं नाही अशा स्वरूपाची तक्रार हायरमधून वळती करता येते, मालाच्या नुकसानीचा दावा नाही. चार्टरपार्टीत तशी स्पष्ट परवानगी नसेल आणि कापलंत, तर हायर थकलं म्हणून मालक जहाज काढून घेऊ शकतो. ६०,००० डॉलर वाचवायला गेलेल्या चार्टररने चढत्या बाजारात अख्खं जहाज गमावलं, तर त्या नुकसानीला इंटर-क्लबमध्ये खणच नाही. हायर पूर्ण भरा, सोबत 'हक्क राखून' असं एका ओळीचं पत्र जोडा, आणि दावा २४ महिन्यांच्या वाटेने चालवा.